समुद्रसपाटी म्हणजे कोणती सपाटी?

तासगावच्या माणसाला रेल्वे धरावयाची म्हणजे भिलवडी नाही तर किर्लोस्करवाडी गाठावी लागते, हे आपणांस ठाऊकच आहे. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी असते. तिच्यावर गावाचे नाव, आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. लहानपणी ती पाटी पाहिली की आम्ही बुचकळ्यात पडत असू. समुद्र येथून सरळ रेघेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मध्ये सह्याद्री आडवा. तासगाव त्या समुद्राच्या वर सुमारे साडेपाचशे मीटर. आपली येरळासुद्धा कोकणच्या समुद्राकडे पाठ फिरवून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. अशा मुलखाने आपली उंची समुद्राला का विचारावी? बरे, समुद्र तरी एका जागी कोठे असतो? तो दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. मग मोजावयाचे ते कोणत्या पाण्यापासून?

ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता आम्ही पन्नाशी ओलांडली. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण बंदरावर, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयांच्या बाकांवर झाले. तेव्हा ह्या व्याख्यानमालेत आम्ही शास्त्रज्ञ म्हणून उभे नाही. पोटासाठी पाण्याचा हिशेब शिकावा लागलेला माणूस म्हणून उभे आहोत, आणि तो हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत.

अठराव्या वर्षी आम्ही मुंबईला गेलो. माझगावच्या बाजूला एका बंदरावर पडाव भरण्या-उतरण्याचे काम मिळाले. पडाव धक्क्याला लागावयाचा तो भरतीवर. पाणी चढेपर्यंत टोळी बसून राही आणि मुकादम त्या तासांची मजुरी कापी. त्याचे म्हणणे, पाण्याची वाट पाहणे हे काम नव्हे. आमचे म्हणणे, आम्ही हजर आहोत, पाणी गैरहजर आहे. पाण्याचा खाडा आमच्या नावावर का? भांडण वाढले. टोळीत रत्नागिरीकडचा एक म्हातारा खलाशी होता. तो म्हणाला, "पोरा, भांडायचे तर आधी पाणी शीक. तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते." अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून पाण्याला उधाण. अष्टमीला त्यांची ओढ आडवी-उभी होते, म्हणून भांग. पुढे आम्ही भारतीय सर्वेक्षण खात्याची भरती-ओहोटीची छापील कोष्टके मिळविली, महिनाभराची हजेरी त्यांच्याशी ताडून यादी केली आणि मालकापुढे ठेवली. वाट पाहण्याच्या तासांची अर्धी मजुरी तरी पदरात पडली. आमची पहिली लढाई अशी कोष्टकाने जिंकली.

त्या कोष्टकात प्रत्येक भरतीची उंची दिलेली असे. ही उंची कशापासून मोजली, असा प्रश्न मनात आला आणि स्टेशनावरची पाटी पुन्हा आठवली. शोध केला तेव्हा उलगडा झाला. भरती-ओहोटी म्हणजे समुद्राचा रोजचा श्वास. वर्षानुवर्षे तासातासाला पाणी मोजावे आणि सरासरी काढावी. श्वास वजा होतो आणि उरते ती समुद्रसपाटी. आपल्या देशासाठी हा हिशेब १९०९ साली पक्का झाला. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओरिसातील फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणच्या पाण्याच्या मोजणीवर तो आधारलेला आहे. म्हणजे समुद्रसपाटी ही निसर्गाने पाण्यावर आखलेली रेघ नव्हे. ती माणसांनी वहीत मांडलेली सरासरी आहे. आणि सरासरी कायमची नसते, हे कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही.

ती सरासरी बदलते कशी, हे समजण्यासाठी आधी सांगलीला जाऊ. पुराच्या दिवसांत आपण एकमेकांना काय विचारतो? "आयर्विनला किती फूट?" ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर ५७ फुटांवर गेले होते. पुलाच्या पट्टीवर आकडा वाढला म्हणजे पाणी चढले, असे आपण धरून चालतो. पूल खाली गेला असेल अशी शंका कोणाला येत नाही, कारण एका रात्रीत पूल खचत नाही. पण पट्टी शंभर वर्षे, हजार वर्षे वाचावयाची असेल तर? तेवढ्या काळात ज्या जमिनीवर पट्टी रोवली ती जमीनही हलते. आकडा वाढला तर पाणी वर आले की जमीन खाली गेली? समुद्राच्या चढ-उताराचा सारा इतिहास ह्या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि त्याची साक्ष आमच्या मुंबईच्या गोदीत पुरलेली निघाली.

मुंबईतील प्रिन्सेस डॉकची पायाभरणी १८७५ साली झाली आणि १ जानेवारी १८८० रोजी ती गोदी खुली झाली. खोदाई चालू असता समुद्राच्या चिखलाखाली कामगारांच्या कुदळींना लाकूड लागले. जहाजाची फळी असावी असे वाटले. पण लाकडाला मुळे होती, आणि ती मुळे जमिनीत घट्ट रुजलेली होती. एक झाड निघाले, दुसरे निघाले, आणि मोजणी संपली तेव्हा संख्या ३८२ झाली. त्यांतील २२३ झाडे उभी, १५९ आडवी. लाकूड खैराचे ठरले. ज्या खैराचा कात आपण पानाला लावतो, तोच खैर. ऑर्मिस्टन नावाच्या अभियंत्याने ही हकीकत १८७८ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या नियतकालिकात छापली. तिचा पुरावा ज्यांनी हातांनी वर काढला त्या खोदणाऱ्यांची नावे मात्र आम्हांला कोठे सापडली नाहीत. पुढे १९१० च्या सुमारास अलेक्झांड्रा डॉक खोदताना पुन्हा अशीच झाडे निघाली.

आता विचार करा. खैर हे डोंगरउताराचे, कोरड्या रानाचे झाड. ते खाऱ्या पाण्यात उगवत नाही. आणि ही झाडे तर ओहोटीच्या पाण्याच्याही खाली, आपापल्या मुळांवर उभी होती. पुराने वाहून आणलेले लाकूड असे उभे राहत नाही. म्हणजे जेथे आगबोटी उभ्या राहणार होत्या तेथे एके काळी रान होते. त्या काळच्या जाणत्यांनी निकाल दिला की मुंबईची जमीन खचली. आपल्याकडची जुनी कथा ह्याच्या उलट सांगते: परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला आणि कोकण मोकळे केले. आपल्या गणपतीचे देऊळ उभारणाऱ्या परशुरामभाऊंचे नाव त्याच परशुरामाचे. कथेत पाणी मागे गेले, गोदीत ते पुढे आलेले दिसले. कथेला आम्ही पुरावा म्हणत नाही; पण किनारा जागचा हलतो, एवढे किनाऱ्यावरच्या माणसाला फार पूर्वी उमगले होते असे आम्हांला वाटते.

युरोपातही हाच वाद दीडशे वर्षे चालला होता. ज्याच्या नावाने आपण तापमापकाचे अंश मोजतो त्या सेल्सियसने १७३१ साली स्वीडनच्या किनाऱ्यावरील एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. तेथे पाणी वर्षानुवर्षे खाली जाताना दिसे. सेल्सियसला वाटले, समुद्र आटतो आहे. खरी गोष्ट निराळी होती. त्या मुलखावर एके काळी किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला होता. तो वितळून गेला आणि दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. माणूस उठल्यावर गादी वर येते तशी. तिचे वर येणे आजही थांबलेले नाही. म्हणजे तेथे पट्टीच वर चालली होती आणि दोष पाण्याच्या माथी जात होता.

मग पाण्याचा स्वतःचा असा काही चढ-उतार नाहीच काय? आहे, आणि तो ओळखणाऱ्यांत पहिला विद्यापीठाचा पंडित नव्हता, एक पत्रकार होता. स्कॉटलंडमधील 'द स्कॉट्समन' ह्या वृत्तपत्राचा एक संस्थापक चार्ल्स मॅक्लारेन ह्याने १८४१-४२ च्या सुमारास साधा हिशेब मांडला. एके काळी जमिनीवर एवढा बर्फ होता, तर त्याचे पाणी आले कोठून? समुद्रातून. मग समुद्र तेवढा उतरला असलाच पाहिजे. आणि बर्फ वितळला तेव्हा पुन्हा चढला असला पाहिजे. तिजोरीतला पैसा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेला की पहिली रिकामी होते, इतके हे सरळ आहे.

पण बर्फ वाढतो तरी का, वितळतो तरी का? येथे आम्ही एका माणसापुढे मान लववितो. जेम्स क्रोल हा स्कॉटलंडमधल्या एका गवंड्याचा मुलगा. शाळा तेराव्या वर्षी सुटली. त्याने सुतारकाम केले, चहाचे दुकान घातले, विमा विकला. कशातच जम बसला नाही. १८५९ साली ग्लासगो येथील एका महाविद्यालयाच्या संग्रहालयात तो रखवालदार म्हणून लागला. झाडलोट उरकली की तेथल्या ग्रंथालयात बसावयाचे, असा त्याचा क्रम. तेथेच त्याने गणित मांडले की सूर्याभोवती फिरताना पृथ्वीची वाट हजारो वर्षांत थोडीथोडी बदलते, ऋतूंतील ऊन कमीजास्त होते आणि त्यातून हिमयुगे येतात-जातात. त्याचा मोठा ग्रंथ १८७५ साली निघाला, म्हणजे मुंबईत प्रिन्सेस डॉकची पायाभरणी झाली त्याच वर्षी. आणि पुढल्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ह्या माजी रखवालदाराला सभासद करून घेतले. त्याच्या गणितात चुका होत्या. सर्बियाचा मिलुटिन मिलान्कोविच ह्याने त्या दुरुस्त केल्या आणि उन्हाळ्यातील ऊन महत्त्वाचे, हे दाखविले: उन्हाळा पुरेसा तापला नाही की हिवाळ्याचा बर्फ शिल्लक राहतो आणि साठत जातो. १९७६ साली समुद्रतळाच्या गाळातून ह्या चक्रांची खूण मिळाली. पण वाट काढली ती रखवालदाराने.

आता हिशेब पुरा होतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते आणि जगातील समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोर समुद्राचा तळ उथळ आहे. तो उथळ भाग सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे. त्याचा बहुतेक भाग तेव्हा कोरडी जमीन होता. १९७४ साली जेथे तेल सापडले ते मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तेथील पाणी सुमारे ७५ मीटर खोल. आज जेथे तेल कामगार पोलादी फलाटावर महिना महिना राहतात, तेथे त्या काळी पायी जाता आले असते. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ह्या तळावरून असे चुनखडक वर काढले आहेत, जे उथळ पाण्यातच तयार होतात. ते आज साठ ते शंभर मीटर खोल पडले आहेत.

मग बर्फ वितळू लागला. पाणी चढले ते एकसारखे नव्हे. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी असा काळ आला की समुद्र शतकाला तीन-चार मीटर ह्या गतीने वर येत होता. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी बहुतेक चढ पुरा झाला. तळाचा उतार आणि काळ ह्यांची भागाकाराने सरासरी काढली, तर मुंबईसमोरचा किनारा वर्षाला पंधरा-वीस मीटर आत सरकत आला. एका माणसाच्या हयातीत किलोमीटरभर. तेव्हाच्या माणसाने काय केले असेल? झोपडी उचलली आणि मागे सरला. त्याला सातबारा नव्हता, घरभाडे नव्हते, गोदी नव्हती.

गोदीतले खैर त्या काळच्या पाण्याने बुडविले की जमीन खचल्याने बुडाले? एकट्या जमिनीला दोष देणारा १८७८ चा निकाल आज तसाच मान्य करता येत नाही. समुद्राचा चढ हिशेबात घेतल्यावाचून त्या झाडांची उलटतपासणी पुरी होत नाही. पाणी आणि जमीन, दोन्ही पक्षकारांना बोलावावे लागते. पुढे त्या गोदीतही भराव पडला. रानाचा समुद्र झाला, समुद्राची गोदी झाली, गोदीची पुन्हा जमीन झाली.

आता आपण म्हणाल, हे सारे हजारो वर्षांचे. आम्हांला त्याचे काय? मुद्दा येथेच आहे. सात हजार वर्षे समुद्र जवळजवळ स्थिर राहिला, आणि त्या स्थिरपणाच्या भरवशावर माणसाने बंदरे, शहरे, मिठागरे बांधली. तो भरवसा आता उडू लागला आहे. आणि ह्या वेळी कारण पृथ्वीची वाट हे नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडला त्याने पृथ्वी तापते आहे. तापल्याने समुद्र दोन रीतींनी चढतो. पहिली रीत लोहाराला विचारा. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना तो ती तापवितो, कारण तापलेले लोखंड फुगते; तसेच तापलेले पाणीही फुगते. दुसरी रीत म्हणजे जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात जातो. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी फारशी वाढत नाही. उसाच्या रसाच्या पेल्यातला खडा विरघळला म्हणून पेला उतू जात नाही. पण ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील बर्फ जमिनीवर आहे. ग्रीनलंडचा सारा वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. अंटार्क्टिकाचा सारा वितळला तर आणखी ५८ मीटर. हे उद्या होणार नाही. परंतु सव्वा लाख वर्षांपूर्वी, आजच्याहून थोड्याच अधिक उबेत, समुद्र आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर वर होता, हे विसरू नये.

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची मोजणी आहे. हिंदी महासागरातील ती जुन्यांतली जुनी वही. गोदीत झाडे निघत होती त्याच काळात ती उघडली गेली. १९९३ पर्यंतच्या तिच्या नोंदींवरून पाणी वर्षाला एक मिलिमीटरहूनही थोडे कमी चढले. शंभर वर्षांत चार बोटे. जगाची सरासरी त्याहून अधिक निघाली: १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. आणि गती वाढते आहे. २००६ ते २०१८ ह्या काळात ती वर्षाला ३.७ मिलिमीटर होती.

चार बोटे आणि वीत! येथे सभेत हसू येईल. पण गटाराच्या मुखाशी उभे राहून पाहिलेला माणूस हसणार नाही. मुंबई म्हणजे सात बेटांमधल्या खाड्या बुजवून केलेले शहर. तिचा बराच भाग भरतीच्या पाण्याला लागून आहे. पावसाचे पाणी उताराने समुद्रात जाते, आणि उधाणाच्या वेळी समुद्रच मुखाशी उभा राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्यात भरतीही आली. तो पूर समुद्र चढल्यामुळे आला असे आम्ही म्हणत नाही; कृष्णेचा पूरही समुद्रामुळे येत नाही. पण जेथे उतारच तोकडा, तेथे समुद्राने घेतलेली चार बोटे गटाराच्या उतारातूनच जातात. आणि सर्वांत खालच्या पातळीवर घर कोणाचे असते? टेकडीवर बंगला आणि नाल्याकाठी झोपडी, ही वाटणी समुद्राने केलेली नाही.

तासगाव साडेपाचशे मीटरवर सुरक्षित आहे. पण तासगावची माणसे? एके काळी गिरणीत आणि गोदीत गेलेल्या ह्या भागातल्या कुटुंबांची पुढची पिढी तेथल्या सखल वस्त्यांतून राहते. आपली द्राक्षे न्हावा-शेवाच्या धक्क्यावरून परदेशी जातात, आणि धक्का हा नेहमी समुद्रसपाटीलाच असतो. साऱ्या उंच मुलखाची नाळ त्या सखल पट्टीला बांधलेली आहे.

तेव्हा आमची मागणी जुनीच आहे. मुकादम म्हणे, पाण्याची वाट पाहणे हे काम नव्हे. आज कोणी म्हणेल, पाणी वाढणे हा कोणाचा दोष नव्हे. पहिली गोष्ट आम्ही कोष्टक मांडून खोटी ठरविली. दुसरीही हिशेबानेच खोटी ठरते. कारण हा चढ कोणी किती जाळले ह्याच्याशी बांधलेला आहे, आणि ज्यांनी सर्वांत कमी जाळले त्यांच्या उंबऱ्याशी पाणी आधी येणार आहे. भिंत बांधावयाची तर ती कोणाच्या घरापुढे आणि कोणाच्या पैशाने? वस्ती हलवावयाची तर ती कामाच्या जागेपासून किती कोसांवर? ज्या कोळ्याला खाडी सोडता येत नाही त्याच्या पोटाचे काय? हे प्रश्न पाणी चढण्याआधी विचारावे लागतात. उंबऱ्याशी पाणी आल्यावर सभा भरत नाही.

पुढच्या वेळी भिलवडीच्या फलाटावर उभे राहाल तेव्हा पाटीवरचा आकडा वाचा. तो आपल्या गावाची उंची सांगतो, हे खरे. पण तो ज्या शून्यापासून मोजला आहे तो शून्य नऊ बंदरांवरच्या माणसांनी रात्रंदिवस पाणी वाचून ठरविला, आणि तो आता सरकतो आहे. खैराची झाडे बुडाली तेव्हा त्यांना पाय नव्हते आणि वहीही नव्हती. आपल्यापाशी दोन्ही आहेत.